वाकड्या चेंडूची सरळ परीक्षा

चेंडूचे खेळ आपल्या देशास नवे नाहीत. दण्डीने दशकुमारचरितात राजकन्या कन्दुकावतीच्या कन्दुकक्रीडेचे वर्णन केलेले आहे, आणि आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे आजही पोरे गोट्यांचा नेम धरून बसलेली दिसतात. परंतु जो चेंडू सरळ टाकला तरी सरळ जातच नाही, अशा चेंडूचा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांच्या परिचयाचा आहे. त्याचे नाव लॉन बोल्स. हा म्हाताऱ्यांचा विरंगुळा होय, असा लौकिक त्यास चिकटलेला आहे. तो लौकिक कितपत खरा, आणि तरुणांच्या एकेरी स्पर्धेस या खेळात एवढे महत्त्व का, इतकेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगितले पाहिजे. सपाट हिरवळीवर एक लहानसा पांढरा किंवा पिवळा गोळा लोटून देतात. त्यास ‘जॅक’ म्हणतात. मग आपले मोठे गोळे त्याच्या शक्य तितके जवळ नेऊन ठेवावयाचे. मोठा गोळा सुमारे दीड किलो वजनाचा असतो. पण तो पुरता वाटोळा नसून त्याची एक बाजू किंचित निराळी घडविलेली असते. त्यामुळे वेग आहे तोवर तो बहुतेक सरळ धावतो, आणि वेग मंदावला की एका अंगास अधिकाधिक वळत जातो. पूर्वी गोळ्यात एका बाजूस शिसे भरून हा कल आणीत. आता तो केवळ घडणीने साधतात.

एकेरी सामन्यात प्रत्येकाजवळ चार गोळे असतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जितके गोळे जॅकच्या अधिक जवळ, तितके गुण. आणि जुन्या रिवाजाप्रमाणे 21 गुण प्रथम करील तो विजयी. चौघांच्या संघात एकाची चूक दुसरा सावरतो. एकेरीत सावरणारा कोणी नाही. हिरवळीचा वेग आपणच ओळखावयाचा, आणि गोळा फसला तर मन आपणच स्थिर ठेवावयाचे. म्हणून खेळाडूची खरी पारख एकेरीतच होते.

आता इतिहासाकडे वळू. इंग्लंडात साउदॅम्प्टन येथील हिरवळ 1299 पासूनची म्हणून सांगतात. पुढे आठव्या हेन्रीच्या अमदानीत, 1541 साली कायदा झाला, आणि कारागीर, मजूर, नोकर व उमेदवार शिष्य यांस नाताळाखेरीज हा खेळ खेळण्याची बंदी झाली. धनिकांस मात्र परवान्याने मोकळीक होती. हा निर्बंध 1845 पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला. म्हणजे ज्या वयात हात शिकतो, त्या वयाच्या कष्टकरी मुलांस तीनशे वर्षे हा खेळ कायद्यानेच वर्ज्य होता!

1830 साली एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले व हिरवळ एकसारखी राखणे सुलभ झाले. त्यानंतर 1848-49 च्या सुमारास ग्लासगोच्या मिचेल याने नियम लिहून काढले. 1903 साली इंग्लिश बोलिंग असोसिएशन स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष क्रिकेटचे महारथी डॉ. ग्रेस होत. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्नाच्या घरात होते. क्रिकेटातून निवृत्त व्हावे आणि मग बोल्सकडे वळावे, अशी समजूत रूढ झाली ती अशा उदाहरणांवरून.

ही समजूत पुरती खोटी नाही, पण अपुरी आहे. डेव्हिड ब्रायंट या इंग्रज खेळाडूने 1966 साली पहिली जागतिक एकेरी स्पर्धा जिंकली, आणि 1988 साली छपन्नाव्या वर्षी तीच पुन्हा जिंकली. परंतु पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, बंदिस्त सभागृहातील जागतिक एकेरीचे विजेतेपद स्कॉटलंडच्या रिचर्ड कॉर्सीने बाविसाव्या वर्षी मिळविले. तात्पर्य, हा खेळ वयाचा नसून हाताचा आणि चित्ताचा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धांत पंचविशीच्या आतील खेळाडूंची निराळी एकेरी ठेविली आहे, आणि ऑस्ट्रेलियात अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या राष्ट्रीय एकेरी स्पर्धा होतात, त्या याच जाणिवेने.

इंग्लंडच्या या राष्ट्रीय स्पर्धा ज्या लेमिंग्टन स्पा येथील व्हिक्टोरिया पार्कच्या हिरवळीवर भरत आल्या, त्याच हिरवळीवर 2 ऑगस्ट 2022 रोजी आपल्या देशाच्या चौघींनी राष्ट्रकुल स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेचा 17-10 असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की ही त्यांची नावे. भारताने राष्ट्रकुलात हा खेळ प्रथम खेळला 2010 साली. बारा वर्षांत हे यश!

मात्र या विजयातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नयनमोनी आधी वजन उचलीत असे, लव्हली धावत असे, रूपाराणी कबड्डी खेळे, पिंकी क्रिकेट. म्हणजे चौघीही दुसऱ्या खेळातून इकडे आल्या. कोणाच्याही हाती बालपणी हा गोळा पडला नव्हता. इतक्या उशिरा आरंभ करून जर हे साधले, तर बाराव्या-तेराव्या वर्षी आरंभ करणारी मुले काय करतील? लव्हली व रूपाराणी झारखंडच्या. तेथे 2011 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत हा खेळ होता आणि रांचीस त्यासाठी हिरवळ झाली. हिरवळ झाली म्हणून हात तयार झाले, हा कार्यकारणभाव स्पष्ट आहे.

1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हाही झारखंडासारखाच भाताचा आणि अरण्याचा. येथील मुलांच्या अंगी नेम आहे, चिकाटी आहे. हिरवळ राखणे खर्चाचे, हे खरे. परंतु सुमारे बारा ते चौदा मीटर लांबीच्या चटईवर खेळावयाचा या खेळाचा एक लहान प्रकार आहे, तो शाळेच्या दालनातही मावतो. गोळ्यांचा एक संच वर्षानुवर्षे टिकतो. धावण्यात मागे पडणारा, अंगाने किरकोळ, पण डोक्याने शांत असा एखादा मुलगा वा मुलगी प्रत्येक वर्गात असते, आणि क्रीडादिनी ती कडेला बसून राहते. तिला उभे राहावयास हा खेळ जागा देतो. आईबापांनी व शिक्षकांनी प्रथम तालुक्याची, मग जिल्ह्याची एकेरी भरवावी. कायद्याने मुलांस दूर ठेवल्याचा काळ केव्हाच सरला. आता केवळ आपल्या अनास्थेने ती दूर राहू नयेत, एवढीच अपेक्षा.