खाली-वर विस्तव

धोंडसाला तवसं जितकं जून तितकं बरं. बाजारात भाजीवाली कोवळी काकडी पुढे करते, पण ती कोशिंबिरीला ठीक. मांडवावर पानाआड राहून गेलेलं, साल तपकिरी पडलेलं, उचलताना हाताला वजन जाणवणारं तवसं हवं. श्रावण-भाद्रपदात रत्नागिरीत अशी तवशी मिळतात, आणि नेमकी तेव्हाच परसात हळदीची पानंही असतात.

आजीच्या वहीत धोंडस चार ओळींत आटोपलं आहे. तांदळाची कणी एक चिपटं, चिरलेला गूळ तेवढाच, तवशाचा कीस दुप्पट, खोबरं, वेलची, जायफळ. शेवटी ‘खाली-वर विस्तव’. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तिला सांगावं लागत नव्हतं. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, पण आमच्या स्वयंपाकघरात चिपटं त्यानंतरही बरीच वर्षं चालत होतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि वाटी-चमचा हेच माप घरोघरी रुळलं. धोंडसाला त्याने फरक पडत नाही. कणी आणि गूळ एकाच भांड्याने मोजले की झालं.

अडतं ते वहीत नसलेल्या गोष्टींवर. त्या काकूकडून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट, देठाकडची चकती कापून चाखायची. कडवटपणा असतो कुकुर्बिटासिनचा, तो देठाकडे जास्त आणि शिजवून जात नाही. तवसं कडू निघालं तर सरळ गुरांपुढेही न टाकता फेकायचं. गोड निघालं तर बिया आणि मधला मऊ गर काढून किसायचं. सुटलेलं पाणी टाकायचं नाही. तवशात शेकडा 95 भाग पाणीच असतं, त्यामुळे वरून पाणी घालावं लागत नाही. विलायती सफरचंदाच्या केकात फळ गोडी आणतं. इथे गोडी सगळी गुळाची, फळाचं काम कणी भिजवण्याचं.

कणी धुऊन, वाळवून जाडसर दळलेली. तुपावर मंद आचेवर खमंग भाजायची, मग कीस आणि त्याचं पाणी घालून वाफ आणायची. मी लगेच गुळाकडे हात नेला.

“अगो, थांब. कणी फुलू दे आधी. गूळ लागला की ती पुढे शिजत नाही.”

काकूचं बरोबर आहे. साखर पाणी धरून ठेवते आणि पिष्ट फुगायला जास्त उष्णता लागते. गूळ आधी पडला तर कणी दातांखाली टणक राहते. कणी बोटाने चिरडली की मगच गूळ, खोबरं, चिमूटभर मीठ. सगळं घट्ट होत आलं की तूप लावलेल्या, हळदीची पानं अंथरलेल्या टोपात थापायचं.

आता विस्तव. चुलीतली लाकडं मागे ओढून नुसते निखारे पसरायचे, त्यावर टोप. टोपावर पत्र्याचं ताट आणि ताटात करवंट्यांचे निखारे, खालच्यापेक्षा जास्त. टोपाचं बूड निखाऱ्यांना जवळ, ते लगेच करपतं. वरची धग मात्र मधल्या पोकळीतून उतरायची असते. काकू झाकण उचलत नाही. आधी ओल्या हळदीच्या पानाचा वास येतो, मग गुळाचा, आणि तो भाजक्याकडे झुकला की ती निखारे ओढते. आजीच्या वहीतल्या त्या तीन शब्दांत हा सगळा अंदाज होता, आणि तो कागदावर उतरवावा असं तिला वाटलं नसावं, कारण शिकणारी शेजारीच बसलेली असायची.

ओव्हनमध्ये 180 अंशांवरही धोंडस होतं. मुंबईत मी तसंच करते, भाचरं त्याला काकडीचा केक म्हणून संपवतात. पण कडेला लागलेली ती काळपट, चिवट खरवड ओव्हनमध्ये येत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिच्यातच.

गरम असताना कापायचं नाही. यात मैदा नाही, अंडं नाही. तांदळात चिकटा धरणारं ग्लुटेनही नाही. फुगलेलं पिष्ट निवल्यावर जमतं, तेव्हाच सुरी स्वच्छ निघते. घाई केली तर लापशी हाती येते. मग वडी आणि वर लोण्याचा गोळा. उरलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात परतायच्या, दोन्ही बाजू लाल होईस्तोवर. तिसऱ्या दिवसावर ठेवायच्या नाहीत. पावसाळी हवेत ओलं खोबरं आंबतं.