तीन महिन्यांची शाळा

विलायतेहून परतलेला मनुष्य बहुधा लंडनच्या गोष्टी सांगतो. मी मात्र वाचकांना एका खेड्यात नेणार आहे. त्याचे नाव ल्हानदाउरोर. पहिले अक्षर वेल्श माणसाच्या तोंडूनच ऐकावे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची! मला काही ते साधले नाही.

कार्डिफला लेकीकडे तीन महिने राहायला गेले होते. एका रविवारी जावयांनी मोटारीतून तिकडे नेले. कार्मार्थनशरमधले हे चिमुकले गाव. एक जुने चर्च, थोडी घरे, सभोवती कुरणे. काही मैलांवर लार्नपाशी ताव नदीची खाडी. ओहोटीचा चिखल पाहून मला आपले कोकणच आठवले.

या चर्चला १७१६ साली ग्रिफिथ जोन्स नावाचे धर्मोपदेशक आले. लहानपणी ते मेंढरे राखीत. आपल्या लोकांना बायबल वाचता येत नाही, ही त्यांची खंत होती. धर्मादाय शाळा होत्या, पण बहुतेक ठिकाणी शिकवणे इंग्रजीत. मुलांना वेल्शखेरीज काही समजत नसे. जोन्स म्हणाले, घरच्या भाषेत शिकवा, काही महिन्यांत वाचू लागतील.

१७३० नंतर त्यांनी फिरत्या शाळा काढल्या. मास्तरांना याच गावी तयार करायचे आणि गावोगाव धाडायचे. हिवाळ्यात शेतीची कामे थोडी, म्हणून तेव्हा तीन महिने शाळा. दिवसा मुले, रात्री कामकरी माणसे. लिहिणे नाही, हिशेब नाही. फक्त वाचन, आणि फी काही नाही. पैशाची बाजू पुढे लार्नच्या ब्रिजेट बेव्हन या श्रीमंत बाईंनी सांभाळली. १७६१ साली जोन्स वारले, तोवर ३,००० हून अधिक शाळा भरल्या होत्या आणि दीड लाखांवर लोक शिकले होते. साऱ्या वेल्सची वस्ती तेव्हा पाचएक लाख!

बेव्हनबाई १७७९ साली गेल्या. शाळांसाठी ठेवलेल्या पैशावर नातेवाइकांनी दावा लावला आणि तो पंचवीस वर्षांच्या वर कोर्टात अडकला. शाळा बंद पडल्या. पण वाचायला शिकलेली माणसे अडाणी थोडीच होणार? २०२१ च्या शिरगणतीत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले; कार्मार्थनशरमध्ये हेच प्रमाण ३९.९ टक्के भरले.

परतताना नातू म्हणाला, “आजी, ते मास्तर तीन महिन्यांत कसे शिकवायचे गं?”

मी गप्प झाले. तीस वर्षे मी मराठीची शिक्षिका होते, आणि माझा नातू मराठी बोलतो, पण त्याला ‘क’ वाचता येत नाही! तेव्हा माझ्या मुक्कामाचे दोन महिने उरले होते. त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर आमची शाळा भरली.

निघताना विमानतळावर त्याने माझ्या कापडी पिशवीवरचे दुकानाचे नाव अडखळत वाचले. जोडाक्षरे राहिली आहेत. त्यासाठी पुन्हा जायला हवे.