पडद्यावरील प्रयोगशाळा

बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव म्हटलें कीं प्रथम श्रीगजाननमहाराजांचें समाधिस्थान आठवतें. त्याच गांवीं १९८३ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. अशा गांवच्या विद्यार्थ्यासही आज मुंबईच्या आय. आय. टी. सारख्या संस्थांनीं सिद्ध केलेल्या आभासी प्रयोगशाळा संगणकाच्या पडद्यावर उघडतां येतात. भारत सरकारच्या योजनेंतून त्या निर्माण झाल्या आहेत.

या साधनाचा खरा उपयोग कोणता? श्रोत्यांनीं एक उदाहरण घ्यावें. एक टोंक भिंतींत घट्ट बसविलेली पट्टी दुसऱ्या टोंकास भार देऊन किंचित् वांकवावयाची आहे. विद्यार्थ्यानें भार आणि लांबी दोन्ही एकदम दुप्पट केलीं. वांक सोळापट झाला. परंतु कोणामुळें किती, हें त्यास सांगतां येत नाहीं. मग लांबी कायम ठेवून तो केवळ भार दुप्पट करतो. वांक दुप्पट होतो. भार कायम ठेवून लांबी दुप्पट करतो. वांक आठपट होतो. काय बदलावें आणि काय स्थिर ठेवावें, हाच प्रयोगाच्या आखणीचा पहिला धडा. पडद्यावर तो दहा वेळां चुकला तरी पट्टी मोडत नाहीं.

मात्र पडद्यावरील पट्टी समीकरणाची आज्ञा पाळते. खऱ्या पट्टीची पकड थोडी सैल असते, माप वाचतांना डोळा चुकतो. हे दोष मुद्दाम घातल्याविना पडद्यावर उमटत नाहींत. म्हणून आखणी पडद्यावर शिकावी आणि तिची परीक्षा पोलादावर घ्यावी. कारण पुढें पूल बांधावयाचा तो खऱ्या नदीवरच.