पिकअपच्या एंजिनाची वाढीव शक्ती: जोडसंगणकाचे कार्य व मर्यादा

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन काळी भोगवर्धन या नावाने ओळखले जाणारे व्यापारी नगर होय. मालाच्या वाहतुकीशी असलेले त्याचे नाते आजही तुटलेले नाही. केवळ बैलांच्या तांड्यांची जागा डिझेलवर चालणाऱ्या लहान मालगाड्यांनी घेतली आहे. तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथील हिरव्या मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे. मिरची हा नाशवंत माल असल्यामुळे तो वेळेवर पोहोचणे किंवा न पोहोचणे यावर भावातील फरक अवलंबून असतो. अशा वाहतुकीवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांना गाडीच्या वेगाची व चढावरील ताकदीची चिंता असणे स्वाभाविक आहे.

या भागात ‘पिकअप’ या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. एक अर्थ मागे उघडा हौदा असलेली मालगाडी हा, आणि दुसरा अर्थ पायाखालचे पेडल दाबताच गाडीने घेतलेली उचल हा. ‘पिकअपला पिकअप नाही’ ही तक्रार चालकांच्या तोंडी वरचेवर येते. या तक्रारीवर उपाय म्हणून एंजिनाच्या तारांमध्ये जोडावयाचा एक छोटा डबा बाजारात मिळतो. त्यास कोणी ‘चिप’ म्हणतात, तर कोणी ‘बॉक्स’ म्हणतात. वस्तुतः तो एक जोडसंगणक असतो. त्याचे कार्य कसे चालते, त्यापासून किती लाभ संभवतो आणि त्याची किंमत कोणत्या रूपाने मोजावी लागते, याचा विचार येथे केला आहे.

रूडॉल्फ डिझेल याने 1897 साली आपले एंजिन यशस्वी करून दाखविले. त्याचे मूलतत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरातील हवा जोराने दाबली असता ती इतकी तापते की, तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. पेट्रोल एंजिनात शक्तीचे नियमन मुख्यतः हवा कमीअधिक करून होते. डिझेल एंजिनात ते इंधन कमीअधिक करून होते. यास्तव डिझेल एंजिनाची शक्ती वाढविणे म्हणजे प्रथमतः अधिक इंधन आत सोडणे होय.

पूर्वी हे काम यांत्रिक पंपाकडे असे व मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवीत असत. 1997 पासून मोटारगाड्यांत ‘कॉमन रेल’ पद्धती आली. तीत सर्व इंजेक्टरांना इंधन पुरविणाऱ्या एका सामाईक नळीत फार मोठा दाब कायम राखला जातो. इंजेक्टर केव्हा व किती काळ उघडावयाचा, हे एंजिनाचा मूळ संगणक ठरवितो. पेडलची स्थिती, एंजिनाची गती, हवेचे प्रमाण, पाण्याचे तापमान आणि नळीतील दाब यांची वार्ता त्यास निरनिराळ्या संवेदकांकडून सतत मिळत असते.

जोडसंगणक बहुधा या वार्ताहरांपैकी एकाच्या वाटेत, म्हणजे दाबाच्या संवेदकाच्या तारेत बसविला जातो. नळीत प्रत्यक्ष दाब 1200 बार असता तो मूळ संगणकास त्याहून कमी दाब असल्याचे कळवितो. मूळ संगणक दाब अपुरा आहे असे समजून तो वाढवितो. इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडतो, परंतु दाब वाढल्यामुळे इंधन अधिक जाते. सारांश, हा डबा मूळ संगणकाला शहाणा करीत नाही. तो त्याची फसवणूक करतो.

या फसवणुकीने किती इंधन वाढते, याचा हिशेब सोपा आहे. छिद्रातून वाहणारा द्रव दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब 1200 वरून 1320 बारवर नेला, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढविला, तर इंधन सुमारे पाच टक्केच वाढते. वीस टक्के अधिक इंधन हवे असल्यास दाब चव्वेचाळीस टक्क्यांनी, म्हणजे 1700 बारच्याही वर न्यावा लागेल. 1600 बारसाठी बांधलेल्या पंपाला व नळीला हे झेपणारे नाही. काही डबे इंजेक्टर उघडा राहण्याचा काळही वाढवितात व त्यायोगे अधिक इंधन देऊ शकतात. परंतु निव्वळ दाबाच्या संवेदकावर विसंबणाऱ्या डब्याच्या जाहिरातीत वीस-तीस टक्के शक्तिवाढीची भाषा आढळल्यास वाचकांनी हे वर्गमूळ ध्यानात ठेवावे.

दुसरी मर्यादा हवेची आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर टाळावयाचा तर याहून बरीच अधिक हवा असावी लागते. मूळ संगणक हवेचे मोजमाप घेऊन त्या मानाने इंधनाची कमाल मर्यादा पाळतो. फसविलेला संगणक आपण मर्यादेतच आहोत असे समजतो, पण प्रत्यक्षात ती ओलांडली गेलेली असते. परिणामी सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. हा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, अर्थात मालकाच्या खिशातून गेलेला पैसा होय.

इंधनाची बचत होते, हा दावाही तपासून घेण्याजोगा आहे. कित्येक गाड्यांत डॅशबोर्डवरील सरासरीचा आकडा संगणकाने स्वतः ठरविलेल्या इंधनावरून काढला जातो. फसविलेल्या संगणकाला जास्तीचे इंधन ठाऊकच नसते. म्हणून आकडा सुधारलेला दिसतो, टाकी मात्र पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होऊ शकते. खरी परीक्षा एकच. त्याच मार्गावर, तितक्याच भाराने, टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर व लिटर मोजावेत.

आता चढाचे उदाहरण घेता येईल. भोकरदनहून धाडमार्गे बुलढाण्याला व पुढे मलकापूरकडे जाणाऱ्या गाडीला परतताना बुलढाण्याजवळचा राजूर घाट चढावा लागतो. भारासह तीन टनांची गाडी शंभर मीटरला सहा मीटर अशा चढावर ताशी 40 किलोमीटर वेगाने चालविण्यास एंजिनाकडून सुमारे 29 किलोवॅट, म्हणजे 39 अश्वशक्ती लागते. या वर्गातील अडीच लिटरच्या एंजिनांची शक्ती 75 अश्वशक्तीच्या आसपास असते. म्हणजे योग्य गिअरमध्ये शक्तीची उणीव नाही. गाडी रखडते ती बहुधा गिअर बदलण्याच्या आळसामुळे, अतिरिक्त भारामुळे किंवा एंजिनातील दोषामुळे. दोष असल्यास तुंबलेला एअर फिल्टर, पाणी साचलेला डिझेल फिल्टर, टर्बोच्या होजमधील गळती व झिजलेले इंजेक्टर ही कारणे प्रथम पाहावीत. शेतरस्त्यांच्या धुळीत पहिले कारण विशेष संभवते. दोष तसाच ठेवून डबा बसविणे म्हणजे दम लागलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे.

जादा इंधनाबरोबर जादा उष्णताही येते. रिकाम्या गाडीला ती क्षणभर सोसते, परंतु भरल्या गाडीने लांब चढ चढताना पिस्टनचा माथा व टर्बो यांना ती दीर्घकाळ सोसावी लागते. क्लचही वाढीव जोरासाठी बांधलेला नसतो. निर्माता जी शक्ती राखून ठेवतो, ती कंजूषपणाने नव्हे. निकृष्ट इंधन, मे महिन्याचे ऊन, अतिरिक्त भार व लाखो किलोमीटरचे आयुष्य यांसाठी ती राखीव असते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बी.एस. 6 मानकानुसार अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी आली आहे. धूर वाढला की ती लवकर तुंबते, आणि तिची दुरुस्ती खर्चाची असते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच आशयाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय एंजिन बिघडल्यास वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका राहतोच.

तात्पर्य, जोडसंगणकाने उचल वाढते ही गोष्ट असत्य नाही. परंतु ती शक्ती डब्यातून निर्माण होत नाही. ती इंधनातून व एंजिनाच्या राखीव आयुष्यातून घेतली जाते. ज्याच्या गाडीचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत, त्याने डब्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी फिल्टर, होज, टायरमधील हवा आणि हौद्यातील भार यांची तपासणी करावी. हरवलेली उचल पुष्कळदा तेथेच सापडते.