चिकूचा गार मसाला चहा

वैशाखातली दुपार. राबाची भाजणी उरकून किंवा भाजीच्या वाफ्यांना पाणी सोडून माणसे घरी येतात, ओटीवर टेकतात आणि पहिला शब्द निघतो, "चहा टाक." चहा तर हवा असतो, पण वाफाळलेला कप तोंडाला लावला की कपाळावरचा घाम गळ्यापर्यंत येतो. मग कोणी तरी नाक्यावरून रंगीत पाण्याच्या बाटल्या आणतो. पोरे त्या गटागटा पितात, पैसे जातात आणि अर्ध्या तासाने तहान पुन्हा दारात उभी राहते.

मंडळी, आज या दुपारसाठी एक वेगळा प्रकार सांगते. आपलाच मसाल्याचा चहा, आपलेच दूध आणि आपल्याच भागातला चिकू. फक्त सगळे गार. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत असल्या पेल्याला 'चाय लाटे' असे भारदस्त नाव देतात आणि त्याचे पैसेही भारदस्त घेतात. लाटे हा इटलीतला शब्द, त्याचा अर्थ दूध. म्हणजे चाय लाटे म्हणजे दुधाचा चहा! तो तर आपण पिढ्यान्‌पिढ्या पीत आलो आहोत. असो.

चहा गार करून पिणे हेही काही आजचे खूळ नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या घरांतून तो एकोणिसाव्या शतकातच पीत असत. १९०४ साली सेंट लुईस शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे हिंदुस्थानातल्या चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचे गृहस्थ गेले होते. उन्हाळा असा कडक की गरम चहाला कोणी हात लावीना. तेव्हा त्यांनी तो बर्फावर गार करून पाजला आणि लोकांची रीघ लागली, अशी गोष्ट सांगतात. आपला चहा तिकडे जाऊन गार झाला आणि आपण मात्र अजून भर उन्हात बशीत फुंकर मारीत बसलो आहोत.

आता तुम्ही म्हणाल, फळे काय थोडी आहेत, मग चिकूच का? त्याला कारण आहे, आणि ते मी स्वतःच्या फजितीतून शिकले. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा घरात रायवळ आंबे पडून होते. त्यांचा रस दुधाच्या चहात घातला. दोन मिनिटांत पातेल्यात पाणी वेगळे, गोळे वेगळे. जाऊबाई डोकावून म्हणाल्या, "अगं, चहा केलास की पनीर?" त्या दिवशी सगळे पातेले म्हशीच्या आंबोणात गेले.

दूध फाटते ते आंबटपणाने. कोकम, करवंद, जांभूळ, लिंबू, आंबट आंबा ही फळे दुधाच्या चहाला चालत नाहीत. अननस आणि कच्चट पपई यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्यात दुधातली प्रथिने तोडणारे द्रव्य असते. त्याने दूध बिघडते आणि थोडा वेळ ठेवले तर कडू लागते. चिकूत आंबटपणा जवळजवळ नाहीच. त्याची गोडी गुळासारखी खमंग, रंगही चहाला मिळता-जुळता. दालचिनी आणि वेलदोडा तर चिकूशी असे जमतात की ही सोयरीक आधी कोणी का जुळवली नाही असे वाटावे.

आणि चिकू आपल्याला लांबून आणायचा नाही. पामहून बोईसरला जाऊन गाडीत बसले की वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड. या पट्ट्यातल्या कालीपत्ती चिकूला २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे. झाड मूळचे मेक्सिकोकडचे. तिकडे त्याच्या खोडाचा चीक काढून पूर्वी चघळायचा गोंद, म्हणजे च्युइंगम, करीत. आपण चीक सोडला आणि फळ धरले, हे बरे केले!

ज्यांची चिकूची चार झाडे आहेत त्यांना वेगळे सांगायला नको की हे फळ एकदम पिकते आणि मग थांबत नाही. झाडावरून कडक उतरवलेला चिकू चार-सहा दिवसांत मऊ होतो आणि पुढच्या दोन दिवसांत हातातून जातो. माल भरपूर आला की भाव पडतो, आणि मऊ पडलेला माल व्यापारी बाजूला काढतो. तोच बाजूला काढलेला चिकू या चहाला सर्वात चांगला. मात्र मऊ म्हणजे नासका नव्हे. आंबूस वास आला किंवा देठाजवळ काळे पाणी सुटले असेल तर मोह धरू नका.

आता कृतीकडे वळू. चार माणसांचे माप देते.

आधी चहाचा अर्क करायचा. दोन कप पाणी चुलीवर ठेवा. त्यात अंगठ्याच्या पेराएवढे आले ठेचून, तीन वेलदोडे सालासकट ठेचून, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन लवंगा आणि दोन मिरे घाला. परसात गवती चहा असेलच. त्याची तीन-चार पाती गाठ मारून टाका. हे पाच मिनिटे चांगले उकळू द्या. मगच तीन चमचे चहाची पूड घाला, एक उकळी आली की उतरवा आणि झाकण ठेवून चार मिनिटे थांबा. पूड घातल्यावर उकळत ठेवू नका. गरम चहात थोडा कडूपणा दुधासाखरेत लपतो, गार चहात तो जिभेवर बसतो. गाळून घ्या आणि गरम असतानाच दोन चमचे साखर किंवा गूळ विरघळवा, कारण गार पाण्यात साखर तळाशी बसून राहते. चिकू खूप गोड असेल तर साखर नाही घातली तरी चालते.

अर्क चाखून बघा. तो नेहमीच्या चहाच्या दुप्पट कडक लागला पाहिजे. पुढे त्यात दूध आणि बर्फ पडणार आहे. आत्ताच बेताचा असेल तर शेवटी पाणचट गोड दूध हाती येईल.

आल्याविषयी एक लक्षात ठेवा. कच्च्या आल्यात दूध विरजवणारे द्रव्य असते. आले पाण्यात नीट उकळले की ते निष्प्रभ होते. म्हणून आले नेहमी पाण्यात आधी. वरून किसून घालण्याची हौस नको.

अर्क गार होईपर्यंत चिकूकडे बघा. मध्यम आकाराचे चार चिकू, पूर्ण पिकलेले. दाबले तर अंगठा सहज रुतला पाहिजे. कच्चट राहिला तर घशाला तुरट ओढ लागते आणि ओठांना चीक चिकटतो. साल काढा आणि बिया एकूण एक काढा. ही बी काळी, गुळगुळीत आणि टोकाला आकड्यासारखी असते. लहान मुलाच्या घशात अडकली तर तो आकडा रुततो. म्हणून गर हाताने चाचपूनच घ्या. आणि बी राहिली तर मिक्सरचे पातेही खराब होते.

दोन कप दूध तापवून, गार करून, साय बाजूला काढून ठेवलेले असावे. म्हशीचे दाट दूध असेल तर अर्धा कप पाणी घालून तापवा. त्यातले अर्धे दूध आणि चिकूचा गर मिक्सरमधून फिरवा. मिक्सर नसेल किंवा ऐन वेळी वीज गेली तर अडत नाही. पुरणयंत्रातून गर काढा आणि खोल पातेल्यात दुधाबरोबर रवीने घुसळा. खरे सांगायचे तर मला रवीचाच प्रकार आवडतो. त्यात चिकूचा रवाळपणा जिभेला लागतो.

शेवटी पेल्यात बर्फाचे दोन-तीन खडे, त्यावर चिकूचे दूध, मग उरलेले साधे दूध आणि सर्वात शेवटी गार झालेला अर्क सावकाश ओता. क्षणभर वर चहा आणि खाली दूध असे दोन रंग दिसतात, मुलांना ते बघायला आवडते. मग ढवळा आणि प्या. अर्क गरम असताना ओतला तर बर्फ तिथेच वितळतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

अर्क फ्रीजमध्ये ठेवला तर कधी कधी गढूळ दिसतो. तो बिघडलेला नसतो. कडक चहा गार होताना तसा होतो. चमचाभर उकळते पाणी घातले की निवळतो.

आता बर्फ. इथे मी थोडे जास्त बोलणार आहे, आणि कंटाळा आला तरी हा भाग सोडू नका.

आपला भाग किनाऱ्याचा. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, सगळीकडे मासळीचे काम, आणि मासळीला बर्फ लागतो. तो बर्फ मासे टिकवण्यासाठी असतो, माणसाच्या पोटात जाण्यासाठी नसतो. तो कुठल्या पाण्याचा, कुठे घसरवत आणला, कुठल्या गोणपाटात गुंडाळला, याला काही धरबंध नाही. पण लादी स्वस्त मिळते म्हणून हळदीला, बारशाला, सरबताच्या पिंपात तीच फोडली जाते. आमच्याच नात्यातल्या एका हळदीत हे घडले. रात्री सरबत वाटले आणि दुसऱ्या दिवशी मांडवात वऱ्हाडापेक्षा जुलाबाची माणसे जास्त. दोन लहान मुलांना सलाइन लावावे लागले. नवरदेवाची आई बिचारी अक्षता टाकायच्या वेळी दवाखान्यात होती.

पुष्कळांना वाटते, थंडीने जंतू मरतात. मरत नाहीत. ते बर्फात निजून राहतात आणि बर्फ वितळला की जागे होतात. जुलाब, टायफॉइड, कावीळ हे सगळे बर्फातून येऊ शकते. यासाठीच २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला, की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, म्हणजे तो ओळखू येईल. निळसर लादी दिसली तर ती खाण्यात घ्यायची नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही सांगून ठेवा. पण लादी पांढरी आहे एवढ्यावरही विसंबू नका.

बर्फ घरचा करा. पाणी खळाळून उकळा, झाकून गार करा आणि स्वच्छ भांड्यात फ्रीजला लावा. त्यातही एक अट आहे. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला, हे आपल्याला ठाऊकच आहे. पाम, कुंभवली, सालवड अशा वसाहतीला लागून असलेल्या गावांत ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला वास, रंग किंवा तवंग असेल, ते कितीही उकळून बर्फाला किंवा चहाला वापरू नका. पिण्यासाठी नळाचे जे पाणी घेता, तेच इथेही घ्या.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी काय करावे? अर्काचे आणि दुधाचे भांडे झाकण लावून परातीतल्या पाण्यात ठेवावे, वर ओले फडके गुंडाळावे आणि वारा लागेल अशा जागी ठेवावे. आपली हवा दमट, त्यामुळे माठ किंवा ओले फडके देशावर जेवढा गारवा देते तेवढा इथे मिळत नाही. तरी घोट सुखाचा होतो, आणि बर्फ नसल्याने अर्कही एवढा कडक लागत नाही. पूड दोन चमचे पुरे. दूध मात्र उन्हाळ्यात बाहेर ठेवून बसू नका. चिकू, दूध आणि चहा एकत्र केले की तासाभरात संपवा. शेतावर न्यायचे असेल तर अर्क बाटलीत, चिकू सालासकट आणि दूध घट्ट झाकणाच्या डब्यात सकाळी तापवून न्या, आणि तिथेच कालवा.

जेवणाला लागून हा चहा देऊ नका. चहातला तुरटपणा भाजी-भाकरीतले लोह अंगी लागू देत नाही, आणि आपल्या बायामुलींत रक्त कमी असण्याची तक्रार आधीच घरोघर आहे. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असू द्या. अगदी लहान मुलांना अर्क न घालता नुसते चिकूचे दूध द्या. मधुमेह असलेल्यांनी चिकूच्या गोडीचा हिशेब धरावा. त्यांच्या पेल्यात चिकू अर्धाच आणि साखर मुळीच नको.

चिकू संपले की काय, हा प्रश्न राहिला. पायरी किंवा हापूस पूर्ण गोड असेल तर त्याचा रस याच मापाने चालतो, पण आधी वाटीभर दुधात चमचाभर रस घालून पाच मिनिटे बघा. दूध सुखरूप राहिले तर पुढे जा. मृगाच्या तोंडावर जांभळे आली, आणि बहाडोलीची टपोरी जांभळे बाजारात दिसली, की दूध सरळ वगळा. आले, दालचिनी आणि गवती चहाचा तोच अर्क गार करा, जांभळाचा गर हाताने कुस्करून गाळून घाला, वर चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. कोकमाचे सरबत घरात असेल तर त्यानेही असाच होतो. आमच्या सासूबाई दुधाशिवायच्या चहाला चहा मानीत नाहीत. जांभळाचा मात्र त्या दुसरा पेला मागून घेतात आणि म्हणतात, "हे औषध म्हणून घेत्ये हो."