फक्की की माती?

माझी मुलगी चौथीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. पेरिमीटर आणि एरिया यांत तिची नेहमी गल्लत व्हायची. सूत्रं पाठ होती, पण कुठलं कधी वापरायचं ते कळत नसे. मी दोनदा रागावलो. मग आठवलं, तिच्या वयात मीही नुसती सूत्रंच घोकली होती.

रविवारी चौकटीची वही काढली. चौकटीची बाजू १ मीटर धरली. म्हटलं, "२४ मीटर कुंपण आहे. त्यात बागेतलं मैदान आख. झोपाळा, घसरगुंडी बसली पाहिजे, लंगडीही खेळता आली पाहिजे."

तिने १० बाय २ चं मैदान आखलं. आत २० चौकटी. "बाबा, ही तर गल्ली झाली!" मग ८ बाय ४ केलं, ३२ चौकटी. शेवटी ६ बाय ६, ३६ चौकटी. कुंपण तेवढंच, मग जागा वाढली कशी? हा प्रश्न तिने स्वतःहून विचारला. लांबी-रुंदी जवळ येत गेली तशी जागा वाढली, हेही तिनेच शोधलं.

संध्याकाळी कबड्डीचं मैदान दाखवलं, १३ बाय १० मीटर. कडेने फक्की ४६ मीटर, आत माती १३० चौरस मीटर. फक्की म्हणजे परिमिती, माती म्हणजे क्षेत्रफळ. मराठी शब्द तिला असे मैदानावर मिळाले.

अजूनही कधी अडते. तेव्हा मी एवढंच विचारतो, "फक्की की माती?"

तुम्हीही गच्चीवर खडूने आखून बघा.