हाली रुपया आणि त्याचे संग्राहक

आपल्या मराठवाड्यात जुन्या व्यवहाराची गोष्ट निघाली की 'हाली' आणि 'कलदार' हे दोन शब्द हमखास ऐकायला मिळतात. हाली म्हणजे चालू. हा निजामाचा रुपया. 'कल' म्हणजे यंत्र. त्यावर पाडलेला इंग्रजांचा रुपया तो कलदार. पुढे निजामाची नाणीही यंत्रावर पडू लागली, पण नावे रूढ झाली ती कायमची.

सहा कलदारांना सात हाली असा हिशेब असे. त्याचे कारण चांदीत आहे. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम व त्यात शेकडा ९१.७ भाग चांदी. हालीचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व चांदी शेकडा ८१.८ भाग. गुणाकार करून पाहावा. दोन्हीकडे सुमारे ६४ ग्रॅम चांदी भरते!

हिजरी १३२१, म्हणजे इ. स. १९०३ च्या सुमारास या नाण्यांवर चारमिनार आला. त्याच्या कमानीत महबूब अली खान यांच्या नावातील 'मीम' हे अक्षर असे. १९११ साली उस्मान अली खान गादीवर आले आणि तेथे 'ऐन' आले. हे अक्षर शब्दाच्या आरंभी अर्धे लिहितात, सुटे लिहिल्यास पूर्ण. सुरुवातीच्या नाण्यांवर ते अर्धे होते, नंतर पूर्ण झाले. संग्राहक मंडळी भिंगाखाली हाच फरक शोधतात. अमेरिकेत १७९२ साली तांब्याच्या सेंटच्या मध्यभागी चांदीचा तुकडा बसवून नमुना नाणी पाडली होती. ती फार थोडी उरली, म्हणून तिकडचे संग्राहक त्यांच्यामागे धावतात. छंद एकच, देश वेगळे.

१९५९ मध्ये हालीचे चलन कायमचे संपले. मात्र घरांतून ती नाणी संपलेली नाहीत. माहूर-किनवटकडील तांड्यांवर बंजारा भगिनींच्या दागिन्यांत जुने रुपये ओवलेले दिसतात. संग्राहकाच्या लेखी भोक पडलेल्या नाण्याची किंमत घटते. परंतु ते कोणी व कसे वापरले, हे त्या भोकामुळेच कळते. खरे नुकसान होते ते मुशीत. अडचणीच्या वेळी नाणे सोनाराकडे जाते, चांदीच्या भावाने विकले जाते आणि अक्षरांसकट वितळते. चिंच व राख लावून घासल्यानेही अक्षरे झिजतात. शेतात पुरलेले धन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरील ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

नाणी विकत घेण्याची आपली ऐपत नाही, आणि त्याची गरजही नाही. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवली की ठसा उमटतो. त्याखाली गाव, वजन आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत लिहावी. आपल्या इतिहास विभागाने अशी एक वही सुरू केली, तर नाणे ज्याचे त्याच्या घरीच राहील आणि त्याची नोंद सर्वांची होईल.